गड कशाने राखला? गडवाटेवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा-वीस वर्षं शनिवार-रविवारी लोकांना गडावर घेऊन जातो. प्रश्न ठरलेले असतात. दरवाजाशी एक, बुरुजावर दुसरा, कड्याला लटकलेलं मोहोळ दिसलं की तिसरा. चढताना उत्तर द्यायचं म्हणजे दम लागतो आणि वाऱ्यामुळे मागच्यांना ऐकूही जात नाही. म्हणून इथे लिहून ठेवलंय. घरून वाचून या, म्हणजे वर नवे प्रश्न विचाराल.

इतिहासाच्या सहलीत साळिंदर, कोळी, मधमाश्या कशाला आणता?

कारण दोघांपुढचं गणित एकच आहे. किल्ला म्हटला की आपल्या तोंडी लगेच ‘अभेद्य’ येतं. अभेद्य कुणीच नसतं. गडाचं काम एवढंच, की घेणाऱ्याला तो परवडू नये. त्याचे महिने जावेत, माणसं जावीत, पैसा जावा. साळिंदरही बिबट्याशी हेच करतं. दुसरं साम्य असं की, कितीही चिलखत घाला, कुठेतरी दार ठेवावंच लागतं. आतल्याला बाहेर पडायचं असतं, श्वास घ्यायचा असतो, पाणी प्यायचं असतं. सगळी हुशारी त्या दारापाशी पणाला लागते. खालच्या बहुतेक उत्तरांत हे दार पुन्हा पुन्हा येईल.

सह्याद्रीतच एवढे गड कसे?

निम्मं काम लाव्हाने करून ठेवलं होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर पावसाने झिजतो, घट्ट थर कडा होऊन उभा राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. मधल्या पायरीला माची म्हणायचं, वरच्या टोपीला बालेकिल्ला. बांधणाऱ्याने तट घातला तो बहुतेक ठिकाणी फक्त जिथे कडा तुटलाय, घळ आहे, माणूस चढू शकेल अशी नाळ आहे तिथे. बाकीच्या बाजूंना कातळकडाच तट. टाकी खोदताना निघालेला दगडही वाया जात नसे, तो तटाला लागे. पाणी आणि भिंत एकाच खड्ड्यातून.

दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत का नाही?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

या रचनेला गोमुखी म्हणतात. रायगडाच्या महादरवाजाशी उभे राहा. दोन भले बुरूज पुढे आलेत, एकाने दुसऱ्याला कवेत घेतल्यासारखे. वाट त्यांच्या मधल्या बोळात शिरते, वळते, आणि वळल्यावर दार समोर येतं. खालून तोफ डागायची तर कशावर? दार दिसतच नाही. ओंडका घेऊन धावत यायचं तर वळणावर धाव मोडते. आणि त्या बोळात उभा असलेला माणूस वरून दोन्ही बाजूंच्या जंग्यांच्या माऱ्यात सापडतो. जंग्या म्हणजे तटातली बंदुकीची तिरकी भोकं. आतून बघाल तर मोठा टापू दिसतो, बाहेरून बघाल तर नुसती फट.

आता दाराच्या चौकटीजवळ या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं आहेत, अडसराची. एका बाजूचं वीतभर खोल. दुसऱ्या बाजूला हात खांद्यापर्यंत गेला तरी टोक लागत नाही. दिवसा आख्खा अडसर त्या खोल भोकात ढकलून ठेवायचा आणि संध्याकाळी ओढून समोरच्या भोकात बसवायचा. दार ढकलणाऱ्याचा सगळा जोर मग दारावर न येता भिंतीवर येतो. (हात घालण्याआधी टॉर्च मारा. तिथे विंचू असतो. मला माहीत आहे, कसं ते विचारू नका.)

दाराच्या पल्ल्यात छोटी दिंडी असते. तीतून आत जायचं तर वाकावं लागतं, म्हणजे आधी मान आत जाते. पाहुणा असेल तर नमस्कार घडतो आणि शत्रू असेल तर पहारेकऱ्याचं काम सोपं होतं.

हेच दार बोटाच्या पेराएवढं बघायचं असेल तर गडवाटेच्या कडेला जिथे मातीची दरड उभी कापली गेली आहे तिथे थांबा. झडपेचं दार करणारा कोळी तिथे बिळात राहतो. माती आणि रेशीम एकत्र करून तो गोल झाकण बनवतो, एका बाजूला रेशमाची बिजागरी, वरून आसपासच्या मातीचाच लेप. शेजारी बोट ठेवलं तरी दिसत नाही. गवताच्या काडीने झाकण उचलायला जा, ते आतून घट्ट होतं. कोळीण पाय बिळाच्या भिंतींना रोवून झाकण नांग्यांनी खाली ओढून धरते. तिच्याकडे वेगळा अडसर नाही, तीच अडसर. जास्त त्रास देऊ नका. एकदा बघितलं की पुढे चला.

दारावरचे खिळे हत्तींसाठीच ना?

भुईकोटांना, हो. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर बघा, खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत. डोंगरी किल्ल्याच्या वाटेवर हत्ती धावत येऊन दाराला धडकेल, हे मला पटत नाही. तिथे वळणच खिळ्याचं काम करतं.

राजगडाच्या संजीवनी माचीवर दोन-दोन भिंती कशाला?

त्याला चिलखती बुरूज म्हणतात. बाहेर एक बुरूज, त्याच्या आत दुसरा, मध्ये माणूस जेमतेम मावेल अशी अरुंद गल्ली. तोफेने बाहेरची भिंत पाडली तरी आतली उभी राहते, आणि भगदाडातून आत शिरलेला शत्रू गल्लीत अडकतो. माचीची ही लांबट, चिंचोळी सोंड तीन बाजूंनी उघडी आहे, म्हणून हा खटाटोप. पावसाळ्यानंतर त्या गल्लीत उतरून बघा. वर वारा घोंघावत असतो आणि खाली एकदम शांत.

कोकणातले लोक हे पटकन ओळखतात. नारळच हो. बाहेर जाड सोडण, आत करवंटी. उंचावरून पडला की सोडण दणका खातं, करवंटी शाबूत राहते. आणि इथेही दार आहे: करवंटीला तीन डोळे, पैकी दोन टणक, एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातून बाहेर येतो. लहानपणी आपण काडी खुपसून पाणी प्यायचो तेही त्याच डोळ्यातून. चोराला दार बरोबर सापडतं.

समुद्रातल्या किल्ल्यांचं काय? तिथे तर कडा नाही.

तिथे पाणी हाच कडा. मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. तट सरळ नाही, नागमोडी आहे, त्यामुळे प्रत्येक वळणावरून शेजारच्या भिंतीच्या पायथ्यावर मारा करता येतो. दार इथेही बुरुजांच्या आड. होडी अगदी जवळ जाईपर्यंत नवखा माणूस “आत जायचं कुठून?” असंच विचारतो. मुरूडच्या जंजिऱ्याचंही तसंच, दार राजपुरीच्या बाजूला तोंड करून आणि लपलेलं. तो सिद्दींकडून कुणालाच घेता आला नाही. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, तोही साधला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हाच तो त्यांच्या हातून गेला.

पण मला विचाराल तर बघण्यासारखी गोष्ट जंजिऱ्यासमोरच्या पद्मदुर्गावर आहे. शिवाजी महाराजांनी बांधलेला हा किल्ला. समुद्राकडच्या तटाचे दगड लाटांनी झिजून आत गेलेत, आणि दगडांच्या मधला चुना मात्र तसाच बाहेर उभा आहे. मधाच्या पोळ्यासारखी चौकट दिसते. दगड हरला, त्याला चिकटवणारा चुना टिकला. कोकणात शिंपले भाजून चुना करायची जुनी रीत आहे. कालवाने स्वतःला वाचवायला जे कवच केलं, तेच भाजून माणसाने भिंतीला लावलं.

साळिंदर काटे फेकून मारतं का?

नाही. आजोबांनी सांगितलं असलं तरी नाही. ते काटे म्हणजे जाड झालेले केस, आणि सैल बसलेले. अंगात घुसले की सुटून तिथेच राहतात. साळिंदर आधी इशारा देतं: काटे फुलवून मोठं होतं, पाय आपटतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं. तरी समोरचा हटला नाही तर पाठ फिरवून उलटं, मागे मागे धावतं. लढाई पाठीने. कारण तोंडाकडे काटे नाहीत, तिथे दार उघडं आहे.

बिबट्या साळिंदर मारू शकतो, मारतोही. पण चुकला तर पंजात, गालात काटा मोडतो, जखम चिघळते, आणि धावता न येणारा बिबट्या उपाशी मरतो. नरभक्षक झालेल्या काही वाघांच्या अंगात साळिंदराचे काटे सापडल्याच्या नोंदी आहेत. जेवण स्वस्त, वाढप्याची बक्षिशी फार मोठी, असा हा प्रकार.

वाटेत काटा सापडला तर बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा.

आणि खवले मांजर?

ते दाराचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवतं. नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचे खवले पाठीवर, पोट मऊ. धोका वाटला की पोट आत घेऊन गोळा होतं, वर शेपटी घट्ट गुंडाळतं. दार उरतच नाही. तोंडात दात नाहीत, चावण्याचा प्रश्न नाही. बिबट्या तो चेंडू इकडून तिकडे लोळवत बसतो आणि कंटाळतो.

ही युक्ती फसते ती माणसापुढे. आपण चेंडू उचलून पोत्यात घालतो. लाखो वर्षं जो बचाव कामी आला, त्यानेच त्याला जगातल्या सर्वाधिक तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी एक केलं. खवल्यांत औषध आहे ही निव्वळ थाप, तुमच्या नखात असेल तेवढंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१६ मध्ये त्याच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. रात्री गाडीच्या उजेडात दिसलं तर गाडी थांबवा, जाऊ द्या, जागेचा गाजावाजा करू नका.

घोरपडीला दोर बांधून कडा चढता येतो का? सिंहगडावर तसंच झालं ना?

सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळ्यांनी कड्यावरून चढून घेतला, तानाजी मालुसरे पडले, एवढं पक्कं. घोरपड पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढले असं आहे, आणि मला तेच जास्त थोर वाटतं. कमरेला दोर बांधलेली घोरपड तुमच्या सांगण्यावरून नेमकी वर जाईल आणि माणसाचा भार पेलेपर्यंत गप बसेल, असं जनावर मी तरी पाहिलं नाही.

मात्र कथेला मूळ आहे. घोरपडीमागे कुत्रं लागलं की ती कपारीत शिरते, नखं रोवते आणि अंग हवेने फुगवते. मग शेपटी धरून कितीही ओढा, निघत नाही. कपारीचं दार ती स्वतःच्याच अंगाने बुजवते. ते बघून कुणाला तरी दोर सुचला असणार.

कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं तर काय करायचं?

आधी, ते उठू नये म्हणून: अत्तर-डिओ नको, धूर नको, फटाके नको, ड्रोन नको, दगड तर नकोच. घोषणाही मोहोळापासून लांब. यावर मी भांडतो, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

उठलंच तर तोंड-डोळे झाका आणि पळा. हात झाडत उभं राहायचं नाही. माशीने डंख मारला की तिथे एक वास सुटतो आणि तो बाकीच्यांना ‘इथे या’ म्हणून सांगतो. कडा कुठे आहे त्याचं भान ठेवून पळा, दाट झुडपांतून गेलात तर बरं. टाक्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी आल्यावर काटे लगेच काढा, कसे काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, फार डंख असले तर थेट दवाखाना. घरगुती उपाय तिथे नाही.

आता या माश्यांचं वेगळेपण. सातेरी मधमाशी ढोलीत राहते, तिला भिंती आहेत, दार आहे. आग्या माशीला काहीच नाही. एकच भलं मोठं पोळं उघड्यावर लटकतं. भिंत कसली? माश्यांचीच. एकमेकींना धरून त्यांचा पडदा पोळ्यावर पसरलेला असतो आणि आत मध, अंडी, अळ्या. गांधीलमाशी जवळ आली की माश्या ओळीने पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकते, मैदानात प्रेक्षक उठून बसतात तशी. दुर्बिणीतून लांबून बघा. लखलखतं. गांधीलमाशीला कुठे झडप घालावी तेच कळेनासं होतं. माणसाला मात्र लाटेवर भागत नाही, तिथे डंखच, आणि डंख मारणारी माशी त्यातच मरते. शिबंदी खर्ची घालून गड राखायचा, अशी ही पद्धत.

अंगाला खाज सुटलीय, पुरळ उठलंय. काय लागलं?

पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात असेल तर खाजकुयली. शेंगांवर सोनेरी मखमल दिसते, तिला भुलू नका. ते बारीक केस त्वचेत टोचतात. चोळू नका, खाजवू नका, चिकटपट्टी लावून उपटा, नाहीतर ओल्या मातीचा लेप देऊन सुकल्यावर काढा. माझ्या पहिल्याच ट्रेकला म्होरक्याने “मळलेली वाट आहे” म्हणून जिथे घुसवलं तिथून मी शर्ट काढूनच परतलो.

आणि बोरीला अडकला असाल तर मागे ओढू नका. बोरीच्या प्रत्येक पेरावर जोडकाटे असतात, एक सरळ, एक आकड्यासारखा मागे वळलेला. सरळ काटा आत येताना टोचतो, वाकडा बाहेर जाताना धरतो. बोळातल्या दोन बुरुजांसारखंच.

गड एवढे भक्कम, तर पडले कसे?

पहिलं कारण शेजारचा डोंगर. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले. दिलेरखानाने आधी जोडकिल्ला वज्रगड घेतला, तिथे तोफा चढवल्या आणि तिथून पुरंदरावर मारा केला. मुरारबाजी पडले, आणि तहात २३ किल्ले द्यावे लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पुढे हेच बजावलंय: किल्ल्याजवळ दुसरा उंच डोंगर नसावा, असला तर सुरुंग लावून कमी करावा, तेही जमत नसेल तर तोच बांधून घ्यावा. तरी १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर तोफा डागल्या, वाड्यांना आग लागली आणि गड गेला. तोफांचा पल्ला वाढला की शेजारचा डोंगर आपोआप जवळ येतो.

दुसरं कारण पैसा, आणि यात लाज मानायचं कारण नाही. १६९९ पासून औरंगजेब स्वतः एकेक गड घेत फिरला. साताऱ्याला चार महिन्यांवर गेले. तिथे मोगलांनी दोन सुरुंग उडवले, त्यातल्या दुसऱ्याने तट आत पडायच्या ऐवजी बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेले त्यांचेच लोक गाडले गेले. पुढे बहुतेक गड महिनोन्‌महिने झुंजवून, शेवटी रोख रक्कम घेऊन त्याच्या हवाली झाले. अपवाद म्हणून तोरण्याचं नाव घेतात, तो हल्ला करून घेतला गेला. बादशहा पुढे सरकला की मराठे मागे येऊन तोच गड परत घेत. १७०७ मध्ये तो नगरजवळ वारला तेव्हा खजिना बराच आटला होता. गड पडला की पराभव, असं शाळेत शिकलोय आपण. इथे गड पडत होते आणि बादशाही बुडत होती. घास घशात गेला, पण काटा मोडून.

तिसरं कारण आतलं, फितुरीचं. म्हणून शिवकाळात गडावर एकट्याच्या हाती सगळं नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस अशी कामं वाटलेली. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे. वारुळातले सैनिक आठवतात मला इथे. त्यांचे जबडे एवढे लढाऊ की स्वतःचं अन्नही खाता येत नाही, कामकरी वाळवी भरवते. ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हाती.

युनेस्कोच्या यादीत कोणते गड आले?

जुलै २०२५ मध्ये १२ गड: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी.

वाटेवरची झाडी तोडून गड मोकळा करूया का? आमचा ग्रुप यायला तयार आहे.

उत्साह कळतो, पण कोयते घरी ठेवा. उतारावरची झाडी हा गडाचा भागच आहे. आज्ञापत्रात स्पष्ट आहे की घेऱ्यातल्या झाडीतली काठीसुद्धा तोडू देऊ नये, प्रसंगी त्यात बंदूकधारी बसवता यावेत. वाट सोपी असेल तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी, असंही आहे. आपण आज नेमकं उलट करतो. कारवीही त्यातलीच. माती धरते, चालणाऱ्याला अडवते, आणि सात-आठ वर्षांनी सगळी एकदम फुलून एवढं बी टाकते की खाणारे खाऊन दमतात, तरी उरतं.

तटातलं झाड मात्र वेगळी गोष्ट. पाखरू पिंपळाचं फळ खातं, बुरुजाच्या फटीत विष्ठा टाकतं, बी रुजतं. दहा-पंधरा वर्षांत मूळ मनगटाएवढं होतं आणि घडीव चिरा सरकवतं. वरून छाटलं तर मूळ आत आणखी जाड होतं, आणि ओढून काढलं तर चिरे घेऊनच बाहेर येतं. म्हणून ते काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणकारांच्या हाताखालीच. तुम्ही करू शकता ते एवढं: बोटभर रोप दिसलं की फोटो, बुरुजाचं नाव आणि तारीख मला पाठवा. अशी यादी आम्ही ठेवतो. मागच्या पावसाळ्यानंतर एकाच दरवाजावर एकवीस रोपं निघाली, त्यातलं एक अडसराच्या भोकात होतं.